ट्रॉलीने जायचे कुठून?

शेतकरी भावांनो, नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग २०२५ साली पुरा झाला. ७०१ किलोमीटर! जमिनी आमच्या गेल्या, अन् कापसाच्या ट्रॉलीलाच तिथे मज्जाव. ट्रॅक्टर हळू चालतो, मान्य. मग त्याच्यासाठी शेजारून सलग वाट कोण बांधणार?

तोवर जुनाच रस्ता. पाच-सात किलोमीटर फेर पडला तरी सपाट, रुंद वाट धरावी, असे आमचे मत. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर भरला माल ट्रॅक्टरला मागून रेटतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे जिवावर उदार झालेले! चढताना जो गिअर, उतरतानाही तोच ठेवा.

फेऱ्याचे डिझेल व्यापारी भावात धरत नाही. जिल्हा बैठकीत सेवारस्त्याची मागणी पहिली घ्या.