कॅमेरा हवा, पण कायद्याला बांधलेला

चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसहून पडोलीकडे दुचाकी काढा. पुढच्या ट्रकच्या ताडपत्रीखालून कोळशाची भुकटी डोळ्यांत येते, मागचा ट्रक हॉर्न देऊन अंगावर येत असतो. रस्त्यावरचे कॅमेरे म्हणजे स्वातंत्र्यावर घाला, असं म्हणणाऱ्यांनी आधी या दुचाकीवर बसून पाहावं.

1 जुलै 2025 पासून राज्यातल्या वाहतूकदारांनी ई-चलानाविरुद्ध संप पुकारला. थकलेल्या दंडाचे ढीग, खासगी मोबाइलवर काढलेले फोटो, बाजू मांडायला न मिळणारी संधी या त्यांच्या तक्रारी खऱ्याच आहेत. पण म्हणून 'कॅमेरेच काढा' हे मला पटत नाही. नंबरप्लेट असते ती वाचली जावी म्हणूनच. आणि कॅमेरा नव्हता तेव्हा कुठलं स्वातंत्र्य होतं? कोणाला अडवायचं, कोणाला सोडायचं हे चौकातला एक माणूस ठरवायचा. ओळखीचा सुटायचा, परगावचा ट्रकवाला चिरीमिरी देऊन पुढे जायचा.

मात्र 'चूक केली नसेल तर घाबरता कशाला?' हा सरकारी बाजूचा सवाल मला त्याहून घातक वाटतो. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं. वणी, घुग्घुस, चंद्रपूर इथल्या कॅमेऱ्यांच्या नोंदी एकत्र जोडल्या की कोण कोणत्या युनियनच्या बैठकीला गेला, कोण प्रकल्पग्रस्तांच्या उपोषणाला बसला, कोणाची गाडी दर आठवड्याला दवाखान्यासमोर उभी असते, सगळं कळतं. खाणीच्या गावात ही माहिती माणसाच्या पोटावर येऊ शकते. ताडोब्याच्या शेजाऱ्यांनी तर कॉर्बेटची गोष्ट विसरू नये. वाघांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांतून तिथे जंगलात सरपणाला जाणाऱ्या बायांवरच नजर ठेवली गेली, असं केंब्रिजच्या त्रिशांत सिमलाई यांच्या 2024 मधल्या अभ्यासात आलं आहे.

यावरचा निम्मा उपाय कायद्यातच लिहिलेला आहे. 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेला 167-अ हा नियम सांगतो की यंत्र अचूक असल्याचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं, कॅमेऱ्याआधी फलक हवा, गुन्ह्यानंतर 15 दिवसांत पुराव्यासह नोटीस हवी. अशी यंत्रं बसवायच्या, त्यासोबतच्या 132 शहरांच्या यादीत चंद्रपूर आहे. आणि आपल्यासाठी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे या नियमातल्या यंत्रांत चालत्या वाहनाचं वजन घेणारा काटाही मोडतो. ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. तोही फक्त ट्रक चालवणाऱ्याला नाही. चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही कलम 194 मध्ये येतो. हेल्मेट नसलेला खाणकामगार टिपायचा आणि वाकलेल्या पाट्यांचा ट्रक जाऊ द्यायचा, असल्या कॅमेऱ्याला माझा विरोध आहे. काटा खाणीच्या आणि कारखान्याच्या वाटेवर बसवा.

उरलेला निम्मा उपाय आपल्याला मागून घ्यावा लागेल. ज्याने गुन्हाच केला नाही त्याच्या नंबरप्लेटची नोंद ठरावीक दिवसांत पुसली गेली पाहिजे. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट मोकळी ठेवली आहे, म्हणून ही अट वाहतुकीच्या नियमातच लिहून घ्यायला हवी. प्रत्येक कॅमेऱ्याचं प्रमाणपत्र नगर परिषदेच्या फळ्यावर लागू द्या, कोणालाही वाचता येईल अशा मराठीत.