आधी वाट बघा, मग टायर

आमच्या आत्याचं वय ७९. जांबोटीच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून चार किलोमीटर आत तिचं घर आहे. मागं काजूची बाग, पुढं भाताची खाचरं, गोठ्यात दोन गाई. त्या गाईंमुळं बेळगावात कायमची राहायला ती काही तयार होत नाही. हाडं ठिसूळ झाल्यानं तिच्या मणक्याला चीर गेली आहे. दर दोन महिन्यांनी तपासणी असते आणि डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली आहे : धक्का बसू द्यायचा नाही.

गेल्या पावसाळ्यात तिला आणायला मी आमची जुनी थार घेऊन गेलो. घरी पोचलो, गाडी थांबवली, तरी आत्या उतरेना. समोरची दांडी तिनं दोन्ही हातांनी अशी आवळून धरली होती, की बोटं एकेक करून सोडवावी लागली. आमची सौ. धारवाडची, ती आत्याला 'अत्ती' म्हणते. तिनं घाबरून विचारलं, "अत्ती, एन आतु?" आत्या म्हणाली, "काही नाही गं. पण या गाडीत आता मी बसायची नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरलाच तिकडं घेऊन या."

वाचकहो, आत्याचा शब्द म्हणजे शब्द. तिच्या वाटेवर पावसात दुसरी गाडी जात नाही. म्हणजे एक तर गाडी सुधारायची, नाहीतर तपासणी चुकवायची.

घरात हा विषय निघाल्यावर सर्वांत जास्त आनंद आमच्या चिरंजीवांना झाला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहेत. वर्षभर शिकवण्या घेऊन त्यांनी पैसे साठवले होते, आणि गाडीला काय करायचं याचा आराखडा त्यांच्याकडं तयारच होता. मोठ्या खाचांचे चिखलाचे टायर, गाडी दोन इंच उचलायची आणि लालभडक, लांब शॉकअप. "बाबा, मग आत्याआजीला काही कळणारही नाही," असं त्यांचं म्हणणं.

मी दोघांच्या मध्ये सापडलो. शेवटी खानापूरच्या आमच्या जुन्या मेस्त्रींकडं गाडी नेली. चिरंजीवांनी यादी वाचून दाखवली. मेस्त्रींनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "मदल दारी नोड्री, आम्याल टायर तगोरी." आधी वाट बघा, मग टायर घ्या.

वाट बघायची म्हणजे मोजायची. आमच्या दारापासून आत्याच्या अंगणापर्यंत ४६ किलोमीटर. त्यातले ४२ डांबरी, वळणांचे, पावसात ओले. उरलेले ४ तांबड्या मातीचे. ज्याला आपण राड म्हणतो आणि सौ.च्या माहेरी राडी म्हणतात, तो प्रकार तेवढ्या चारच किलोमीटरांत. चिरंजीवांची सगळी यादी त्या चारांसाठी होती.

मग मेस्त्री गाडीखाली गेले. मागच्या दोन्ही शॉकअपच्या अंगावर तेल ओघळून त्यावर धूळ चिकटली होती. पुढच्यांचे रबरी बुश संपले होते. मागचे पाटे गंजून एकमेकांना धरून बसले होते. आणि चारही टायरांत हवा पुस्तिकेत लिहिलेल्यापेक्षा बरीच जास्त. कुठल्यातरी पंपावर "किती भरू?" असं विचारल्यावर मी "भर की चांगली" म्हटलं असणार. म्हणजे आत्याला बसलेल्या धक्क्यांतला काही वाटा फुकटात कमी होण्यासारखा होता. माझी मान खाली गेली.

शॉकअपबद्दल आपल्याकडं एक मोठा गैरसमज आहे. गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही. ते काम स्प्रिंगचं. आमच्या गाडीत पुढं पीळ सोसणारी पोलादी दांडी आहे आणि मागं पाटे. खड्ड्यात स्प्रिंग दबते आणि उसळते. ती उसळी आवरायचं काम शॉकअपचं. आतल्या तेलाला बारीक छिद्रांतून जावं लागतं, त्यात जोर जिरतो आणि त्याची उष्णता होते. म्हणून जास्त माणसं बसवता यावीत म्हणून 'कडक' शॉकअप घालणं व्यर्थ आहे. वजन पेललं जात नाही, धक्का मात्र पाठीला पोचतो.

संपलेला शॉकअप ओळखायचा कसा? कारचं बॉनेट कोपऱ्यावर दाबून सोडलं आणि ती एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. डुलतच राहिली तर संपला. पाट्यांच्या गाड्या मुळातच कडक, तिथं ही परीक्षा फसते. तिथं तेलाचा ओघळ बघावा, बुश बघावेत आणि टायरवर हात फिरवावा. रबर ठिकठिकाणी चट्ट्यासारखं झिजलं असेल तर चाक रस्त्यावर टेकून न चालता उड्या मारत चाललं आहे असं समजावं. ब्रेक दाबल्यावर गाडीचं नाक खाली जाणं हीही एक खूण.

नवे घेताना जोडीनं घ्यावेत, पुढचे दोन किंवा मागचे दोन. एक नवा, एक जुना असं केलं तर गाडी एका अंगानं वागते. नुसत्या तेलाचा स्वस्त. गॅसचा महाग आणि किंचित कडक. खराब वाटेवर तासन्‌तास चालवलं की तेल तापतं, त्याचा फेस होतो आणि शॉकअप ढिला पडतो. दाबाखालचा गॅस हा फेस धरू देत नाही. रोज खाणीवर किंवा रानात जाणाऱ्यानं गॅसचा घ्यावा. आमची वाट चार किलोमीटरांची. मेस्त्रींनी साधे, मूळ लांबीचेच सुचवले. गाडी न उचलता लांब शॉकअप घातला तर मोठ्या खड्ड्यात तो तळाला आपटतो. गाडी उचलून मूळचाच ठेवला तर वर ताणला जाऊन तुटतो.

"मग उचलूया की," चिरंजीव म्हणाले. मेस्त्रींनी त्यांच्याकडं बघितलं. "अज्जी चढणार कशी?" एवढंच विचारलं. चिरंजीव गप्प झाले. ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. शिवाय गाडी उंच झाली की वळणावर ती जास्त झुकते, हेही आहेच.

आता टायर. आमच्या टायरवर २३५/७० आर १६ असं लिहिलेलं आहे. २३५ मिलिमीटर रुंदी, त्याच्या ७० टक्के बाजूच्या भिंतीची उंची, १६ इंची रिम. चिरंजीवांना हवे होते २४५/७५. कागदावर हिशेब मांडला. टायरची उंची सुमारे ७३५ मिलिमीटरवरून ७७४ होते. पण गाडी वर येते त्याच्या निम्मी, म्हणजे दोन सेंटिमीटरसुद्धा नाही. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३ नं धावत असेल. चाक जड, ब्रेकवर ताण जास्त आणि मूळ घडणीत बदल म्हणून कायद्याची व विम्याची कटकट वेगळीच.

खाचांचे प्रकार ढोबळमानानं तीन. एच/टी डांबरासाठी, एम/टी चिखलासाठी आणि ए/टी दोन्हींच्या मधला. एम/टीच्या रुंद खाचांतून चिखल आपोआप फेकला जातो, हे खरं. पण तेवढंच रबर रस्त्याला कमी टेकतं. ओल्या डांबरावर ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं आणि घोंघावणारा आवाज होतो तो वेगळा. ४२ किलोमीटर ओल्या वळणांवर ही जोखीम घ्यायची, ती चार किलोमीटरांसाठी? आम्ही ए/टी ठरवला, मूळच्याच मापाचा. टायरवर भाराचा आकडा असतो, तो मूळच्यापेक्षा कमी घेऊ नये. १०५ म्हणजे एका टायरला ९२५ किलो.

पैसे वाचवावेत म्हणून मी म्हटलं, "पण आपल्या टायरची नक्षी अजून खोल आहे. वर्षभर चालतील." मेस्त्रींनी टॉर्च पाडला. टायरच्या कडेला एका लंबगोलात चार आकडे होते : २३१६. म्हणजे २०१६ सालातला २३ वा आठवडा. हे टायर बनले तेव्हा आमचे चिरंजीव शाळेत सहावीत होते! गाडी फार चालत नाही म्हणून नक्षी राहिली होती, पण रबर वाळून कडक झालं होतं. बाजूला बारीक भेगा पडल्या होत्या. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी काढावेत, असं बरेच टायर बनवणारेच सांगतात. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की खाचेतली खूण उघडी पडते, ती कायद्याची मर्यादा. आपल्या पावसात तीनवरच बदललेले बरे. असल्या टायरवर मी मणक्याला चीर गेलेल्या माणसाला घेऊन भर पावसात आलो होतो.

मेस्त्रींनी पाटे सोडवून साफ केले, बुश बदलले. शॉकअपचे बोल्ट शेवटचे आवळले ते गाडी चाकांवर उभी असताना. लोंबत्या चाकावर आवळले तर बुश पिळून लवकर फाटतात. मग अलाइनमेंट केलं आणि हवा पुस्तिकेप्रमाणं भरली. राडीत गाडी रुतलीच तर हवा थोडी कमी करायची, आणि डांबरावर येताच पुन्हा भरायची म्हणून छोटा पंप गाडीत ठेवला. चिरंजीवांनी त्यांचे पैसे पुढं केले. मी निम्मे घेतले. सगळे घेतले असते तर त्यांना वाईट वाटलं असतं, आणि एकही घेतला नसता तर जास्त वाईट वाटलं असतं.

दोन महिन्यांनी आम्ही दोघं आत्याला आणायला गेलो. तिला कसं बसवायचं, या विचारानं मला घाम फुटला होता. चिरंजीव म्हणाले, "आत्याआजी, मी चालवतो. एकदाही दुखलं तर तिथून परत फिरतो." तिनं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं आणि त्याचा हात धरून चढली. चार किलोमीटर दांडी धरूनच होती. डांबरी लागलं तसा एक हात सुटला. जांबोटी मागं पडली तेव्हा मी मागून बघितलं, तर दोन्ही हात मांडीवर आणि मान एका बाजूला. आत्या चक्क झोपली होती.

दारात उतरल्यावर सौ.नं विचारलं, "अत्ती, हेंगित्तु?" आत्यानं पदर सारखा केला. "आता गाडी माणसांत आली म्हणायची," ती म्हणाली. "पण काय रे, एवढं करायला माझी पाठच दुखावी लागली होय तुम्हाला?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुमच्याकडं असली वेळ येऊ नये. पावसाच्या आधी एकदा खाली वाकून आपल्या टायरवरचे ते चार आकडे वाचून घ्या.