पेणकर परतू शकतो, लोदचा माणूस का नाही?

१५ मे. पॅलेस्टिनी जनता हा दिवस ‘नकबा’, म्हणजे महासंकट, म्हणून पाळते. १९४८ च्या त्या संकटात ७ लाखांहून अधिक माणसे बेघर झाली. ‘त्याचा रायगडाशी काय संबंध?’ असे विचारणाऱ्यांसाठी हा धागा.

संबंध आडनावांपासून सुरू होतो. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर: आपल्याच गावांची नावे लावणारी ही बेने इस्रायली घराणी. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. शतकानुशतके ती येथे नांदली. धर्मावरून कोणी त्यांना हुसकावले नाही. १९४८ नंतरच्या दशकांत त्यांतील बहुतेक कुटुंबे स्वेच्छेने इस्रायलला गेली. पुष्कळ जण लोद आणि रामले येथे वसले.

त्या शहरांत आधी कोण राहत होते? जुलै १९४८ मध्ये तेथून ५० हजारांहून अधिक अरब रहिवाशांना हाकलून देण्यात आले. लोदच्या हुकुमावर सही होती इझाक राबिन यांची. तेच पुढे पंतप्रधान झाले. भर उन्हाळ्यात बायकामुले पायी निघाली, वाटेत माणसे तहानेने मेली. डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या १९४ क्रमांकाच्या ठरावाने निर्वासितांना घरी परतू द्यावे असे म्हटले. इस्रायलने १९५० साली कायदा करून त्यांची घरे ‘गैरहजरांची मालमत्ता’ ठरवली. आधी हुसकावायचे आणि मग गैरहजेरी मांडायची!

त्याच सुमारास बिरशेबात भेदभावाला विटलेल्या काही बेने इस्रायलींनी ‘आम्हांला भारतात परत पाठवा’ म्हणून ठिय्या दिला. १९५२ साली काही जण परतलेही. (त्यांतील कित्येक पुन्हा इस्रायलला गेले, तो वेगळा विषय.) त्यांच्यासाठी मागचे दार उघडे होते.

‘भारताने यहुद्यांना कधी छळले नाही, म्हणून इस्रायलची पाठराखण करा’ हा तर्क म्हणूनच उफराटा आहे. कोणालाही त्याच्या गावातून उपटू नये, हेच तर आपल्या किनाऱ्याने पाळले. पॅलेस्टाइनच्या नावाने येथील सिनेगॉगकडे बोट दाखवणाऱ्यांनाही तेच उत्तर: लोद रिकामे केले ते पेणच्या प्रार्थनामंदिराने नव्हे.

आजही एखाद्या पेणकराचा नातू व्हिसा घेऊन येतो आणि पेणच्या आळीत आजोबांचे घर शोधतो. लेबनॉनच्या छावणीत जन्मलेल्या लोदच्या नातवाला मात्र गावची वेसही पाहता येत नाही.