आधी टायर, मग अश्वशक्ती

नोव्हेंबर लागला की जर्मनीत जुन्या स्पोर्ट्स कारचे भाव नरम पडू लागतात. थंडीत हौस ओसरते हे एक कारण, आणि नंबरप्लेट हे दुसरे. तिथल्या कितीतरी ताकदवान गाड्यांची नोंदणी हंगामी असते. प्लेटच्या उजव्या कडेला एकाखाली एक दोन आकडे असतात, समजा वर ०४ आणि खाली १०. म्हणजे गाडी एप्रिल ते ऑक्टोबर रस्त्यावर येणार आणि कर-विमाही तेवढ्याच महिन्यांचा भरला जाणार. उरलेले महिने ती चालवायची तर नाहीच, सार्वजनिक रस्त्याच्या कडेला उभीसुद्धा करायची नाही. १९९७ पासून ही सोय आहे. ऑक्टोबर सरला की मालकापुढे हिशेब उभा राहतो : पाच महिने गॅरेजचे भाडे भरायचे की गाडी काढून टाकायची? घासाघीस करायला घेणाऱ्याला याहून चांगला मोसम मिळत नाही.

मराठी माणसालाही हा बाजार आता परका नाही. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाहन उद्योगातून जर्मनीला गेलेले इंजिनिअर स्टुटगार्ट, म्युनिकमध्ये रुळले आहेत. भारतीय लायसन्स तिथे वास्तव्य सुरू केल्यापासून सहाच महिने चालते. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा देऊन जर्मन लायसन्स काढावे लागते. एवढे सोपस्कार झाल्यावर स्वतःच्या कमाईची पोर्शे ९११ किंवा बीएमडब्ल्यू एम३ दारात उभी राहावी, असे वाटले तर त्यात गैर काही नाही. मात्र मुंबई-पुण्याच्या वाहतुकीत आणि सह्याद्रीच्या घाटात तयार झालेला हात बर्फावर नवखाच असतो.

अशी गाडी नोव्हेंबरात घेतली, तर मार्चपर्यंत झाकून ठेवावी की चालवावी? या स्तंभाचे मत स्पष्ट आहे : चालवावी, खुशाल चालवावी. पण इंजिनावर जितक्या उदार मनाने खर्च केला, तितक्याच उदार मनाने टायरवर केला असेल तरच.

या आग्रहामागे साधे भौतिकशास्त्र आहे. २०१९ साली बाजारात आलेली ९११ कॅरेरा घेऊ. वजन सुमारे दीड टन, ताकद ३८५ अश्वशक्ती, चालना मागच्या दोन चाकांना, आणि इंजिन मागेच असल्यामुळे वजनाचा जवळपास साठ टक्के भार त्याच चाकांवर. कोरड्या डांबरावर टायरची पकड, म्हणजे घर्षणाचा गुणांक, ०.९च्या आसपास असते. दाबून बसलेल्या बर्फावर ती ०.२५पर्यंत येते, गुळगुळीत गोठलेल्या पाण्यावर ०.१पर्यंत. आता त्या बर्फावर ताशी ५० किलोमीटरने जाताना ही गाडी रस्त्यापर्यंत किती ताकद पोहोचवू शकते? हिशेब मांडला तर उत्तर येते चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्ती. उरलेली सव्वातीनशेहून अधिक अश्वशक्ती पेडल दाबताच चाके जागच्या जागी फिरवण्यात जाते, आणि चाक फिरू लागले की आडवी पकडही सुटते. चारही चाकांना चालना दिली तरी हा आकडा सत्तरच्या आसपासच राहतो.

थांबण्याचे गणित याहून कठोर आहे. ताशी ५० किलोमीटरवरून पूर्ण ब्रेक लावला तर कोरड्या रस्त्यावर गाडी अकरा मीटरच्या आसपास थांबते. दाबल्या बर्फावर सुमारे ३९ मीटर लागतात, गोठलेल्या पाण्यावर जवळजवळ शंभर. या तीन आकड्यांत इंजिनाचा काही संबंध नाही आणि चार चाकांच्या चालनेचाही नाही. मागच्या झाकणावरचे ‘४’ किंवा ‘क्वाट्रो’ हे चिन्ह गाडीला पुढे काढते, थांबवत नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच. हिवाळ्यातली फसगत नेमकी इथे होते. गाडी सिग्नलवरून सहज निघाली की चालकाला वाटते रस्ता ठीक आहे, आणि पुढच्या वळणावर तो भ्रम फिटतो.

बर्फावर ताकद किती आणि कौशल्य किती, याचा सर्वात जुना आणि खुला निकाल माँटे कार्लो रॅलीने दिला आहे. दर जानेवारीत फ्रेंच आल्प्समधल्या घाटांत, एकाच टप्प्यावर कोरडे डांबर, चिखल आणि बर्फ अशी ही परीक्षा असते. १९६८ साली विक एलफर्ड यांनी ती ९११ टी मधून जिंकली. पुढची दोन वर्षे ब्यॉर्न वाल्डेगार्ड यांनी ९११ मधूनच जिंकली. चालना फक्त मागच्या चाकांना, पण त्या चाकांवर इंजिनाचा भार. ज्या वजनामुळे ९११ वळणात अवघड मानली जाई, तेच वजन बर्फावर तिच्या कामी आले.

त्यानंतरचे नाव वॉल्टर रोर्ल यांचे. त्यांनी ही रॅली चार वेळा जिंकली आणि चारही वेळा वेगळ्या कंपनीच्या गाडीतून : १९८०मध्ये फियाट १३१ अबार्थ, १९८२मध्ये ओपेल अस्कोना ४००, १९८३मध्ये लान्शिया ०३७ आणि १९८४मध्ये ऑडी क्वाट्रो. यातल्या पहिल्या तीन गाड्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या. क्वाट्रो तर १९८०च्या जिनिव्हा प्रदर्शनातच जगापुढे आली होती, तरीही १९८३ साली रोर्ल यांनी तिला दोन चाकांच्या चालनेवर मागे टाकले. त्या वर्षी मार्गावर बर्फ कमी होता, हे खरे. पण पुढच्याच वर्षी बर्फ भरपूर पडला आणि क्वाट्रोने पहिले तिन्ही क्रमांक घेतले. चार चाकांची चालना उपयोगाची आहे, यात वाद नाही. ती हात आणि टायर यांच्या जागी येत नाही, एवढेच.

टायरचा मुद्दा तपशिलात पाहायला हवा, कारण पैसे वाचवण्याचा मोह तिथेच होतो. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते, म्हणजे बर्फ पडायच्या कितीतरी आधी. स्पोर्ट्स कारसोबत येणारे ट्रॅकच्या वळणाचे टायर तर थंडीत आणखीच नाठाळ. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या ठोकळ्यांवर शेकडो बारीक चिरा असतात. त्या बर्फात रुततात आणि धरून ठेवतात. हे तंत्र काही कालचे नाही. फिनलंडमध्ये, आज नोकियन नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने १९३४ साली पहिला हिवाळी टायर बनवला, तोही मालट्रकसाठी. माल वेळेवर पोहोचायला हवा, ही त्यामागची गरज होती.

स्पोर्ट्स कारला हिवाळी संच घेताना एक आकार अरुंद टायर आणि लहान रिम घेण्याची पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे. रुंद टायर बर्फावर तरंगतो, अरुंद टायर खाली दबून पकड शोधतो. शिवाय टायरची भिंत उंच असली की खड्ड्यात रिम वाचते. कोणता आकार बसतो आणि कोणत्या आकारावर साखळी चढवता येते, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. वेगाच्या मर्यादेबद्दलही जर्मन कायदा व्यवहारी आहे. गाडी ताशी २९० किलोमीटर धावणारी असली तरी ताशी २४०ची मर्यादा असलेले हिवाळी टायर बसवता येतात. फक्त त्या मर्यादेचे स्टिकर चालकाच्या नजरेसमोर हवे आणि ती पाळायला हवी.

सक्तीबद्दल मात्र पुष्कळांचा गैरसमज आहे. जर्मनीत हिवाळी टायरची ठरावीक तारीख नाही. ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ हा लोकांनी पाडलेला प्रघात. कायदा २०१०पासून परिस्थितीकडे बोट दाखवतो : रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल, गोठलेले पाणी किंवा हिमकणांचा थर असेल तर योग्य टायरशिवाय गाडी चालवायची नाही. १ ऑक्टोबर २०२४पासून योग्य टायर म्हणजे ज्याच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असे चिन्ह आहे तोच. नुसती ‘एम+एस’ अक्षरे आता पुरत नाहीत. नियम मोडला तर ६० युरो दंड आणि लायसन्सवर एक गुण. वाहतूक अडवली तर ८० युरो. लाखभर युरोच्या गाडीपुढे हा दंड क्षुल्लक आहे. त्यामुळेच तो भरण्याची तयारी ठेवून उन्हाळी टायरवर निघणाऱ्याला ‘हा माझा प्रश्न’ असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही. त्याची न थांबलेली गाडी ज्याच्यावर आदळते, त्याने काही पत्करलेले नसते.

आता खरेदी. थंडीतला सौदा घेणाऱ्याच्या फायद्याचा असतो, कारण गाडी थंड असते. विक्रेत्याला आधीच फोन करून सांगावे की इंजिन सुरू करून ठेवू नका. गेल्यावर पहिल्यांदा इंजिनाच्या झाकणावर हात ठेवावा. ते कोमट लागले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. रात्रभर थंडीत उभे राहिलेले इंजिन पहिल्या अर्ध्या मिनिटात जे सांगते, ते तापलेले इंजिन लपवते : साखळीचा खडखडाट, निळसर धूर, धापा टाकणारी बॅटरी. मग वाकून टायरची भिंत वाचावी. तिथले चार आकडी ‘३८२१’ म्हणजे २०२१चा अडतिसावा आठवडा. नक्षीची खोली मोजायला दोन युरोचे नाणे पुरते. खाचेत उभे धरल्यावर त्याची रुपेरी कड बुडाली नाही, तर खोली चार मिलिमीटरपेक्षा कमी आहे. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर असली तरी वाहनचालकांची संघटना एडीएसी हिवाळ्यासाठी चार मिलिमीटरचाच आग्रह धरते. हंगामी प्लेटची गाडी असेल तर नोव्हेंबरात ती त्या प्लेटवर चालवून बघता येत नाही. त्यासाठी पाच दिवसांची तात्पुरती प्लेट काढावी लागते. तो खर्च आणि खटाटोप टाळून न चालवता गाडी घेऊ नये.

शेवटी गाडी लिफ्टवर चढवायला लावावी. रस्त्यावरचे मीठ वरून दिसत नाही. ते बसते चाकांच्या कमानीत, ब्रेकच्या नळ्यांवर, जिथे पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकतात तिथल्या बोल्टवर. पोर्शेने सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून ९११च्या सांगाड्यावर जस्ताचा लेप द्यायला सुरुवात केली. त्यामुळे त्यानंतरच्या गाड्या मिठाला घाबरून घरात कोंडायची गरज राहिलेली नाही. बर्फाळ आठवड्यानंतर खालून पाण्याचा जोरदार फवारा मारून घेतला, एवढे पथ्य पुरेसे आहे.

चालवण्याचे नियम थोडे आहेत. पहिली पंधरा-वीस मिनिटे इंजिनाला ताण द्यायचा नाही, कारण पाण्याचा काटा वर आला तरी तेल अजून थंडच असते. बीएमडब्ल्यूने १९९८च्या एम५मध्ये यासाठी आरपीएमच्या तबकडीवर केशरी दिवे बसवले होते. तेल तापेल तसे ते एकेक करून विझत आणि तितकी मोकळीक मिळे. बर्फावर दुसऱ्या गिअरमध्ये निघायचे. उतारावर घाईने गिअर खाली आणायचा नाही, नाहीतर मागची चाके अडकतात. वळणात शिरल्यावर एक्सलरेटरवरून पाय झटकन उचलायचा नाही, विशेषतः मागे इंजिन असलेल्या गाडीत. तापमानाच्या आकड्याशेजारी हिमकणाचे चिन्ह लागले की पुलांवर वेग आधीच उतरवायचा, कारण खालून वारा लागणारा पूल रस्त्याच्या आधी गोठतो.

उपकरणे मदत करतात, ती बंद करण्यात शौर्य नाही. बॉशचे एबीएस १९७८ साली आणि ईएसपी १९९५ साली मर्सिडीजच्या गाड्यांतून रस्त्यावर आले. स्वीडनमधल्या आर्येप्लोगच्या गोठलेल्या तलावांवर आजही दर हिवाळ्यात अशा प्रणालींच्या चाचण्या चालतात. नव्या ९११च्या पुढच्या चाकांच्या कमानीत तर पाण्याच्या फवाऱ्याचा आवाज ऐकणारे सेन्सर आहेत. ते रस्ता ओला असल्याची सूचना देतात. ‘वेट’ मोडचे बटण मात्र चालकालाच दाबावे लागते.

एक मागणी विक्रेत्यांकडेही आहे. चारशे अश्वशक्तीची गाडी ऑक्टोबर ते मार्चमध्ये विकताना हिवाळी चाकांचा संच ‘जादा सामान’ म्हणून यादीच्या तळाशी ठेवू नये. तो धरूनच किंमत सांगावी. आणि जो घेणार आहे त्याने सौद्याच्या टेबलावर चामड्याची सीट, आवाजाची नळकांडी, रंग यांच्या गप्पा निघण्याआधी पहिला प्रश्न टायरचा विचारावा. उत्तर पटले नाही तर उठावे. मार्चपर्यंत तसलीच दुसरी गाडी नक्की मिळते.