रस्ता ठरल्यावर विचारणे म्हणजे लोकसहभाग नव्हे

थ्रेड 🧵

१/१६
महामार्ग आपल्या शिवारातून जाणार, हे गावाला बहुधा मोजणीची माणसे बांधावर उभी राहिल्यावरच कळते. खुणेचा दगड आधी रोवला जातो आणि कागद मागाहून येतो. त्यानंतर नोटीस, हरकत, सुनावणी असे जे घडते, त्यास शासकीय भाषेत ‘लोकसहभाग’ असे भारदस्त नाव आहे. त्या नावामागे किती सत्त्व आहे, हे कायद्याचा इतिहासच सांगतो.

२/१६
आरंभ १८९४ च्या भूसंपादन कायद्यापासून करावा लागतो. कलम ४ ची प्राथमिक अधिसूचना, कलम ६ चा जाहीरनामा आणि कलम ९ ची नोटीस, असा त्याचा क्रम होता. जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी हवी, असे सरकारने जाहीर केले की ते जाहीर करणे हाच निर्णायक पुरावा ठरे. रयतेला बोलावले जाई ते कलम ९ खाली, मोबदल्याचा दावा सांगण्यासाठी. ‘जमीन का हवी?’ आणि ‘याच ठिकाणी का हवी?’ हे दोन प्रश्न विचारण्याची जागा मूळ कायद्यात ठेवलेलीच नव्हती.

३/१६
या कायद्याची खरी कसोटी मुळशी खोऱ्यात लागली. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी निळा-मुळा संगमापाशी धरण बांधायचे ठरले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी बांधकामाच्या जागी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. मावळ्यांना मोबदल्याचा वाढीव आकडा नको होता, जमीन हवी होती. धरण अखेर झालेच.

४/१६
मुळशीचा आणखी एक धडा फारसा सांगितला जात नाही. खोऱ्यातील बरीच जमीन पुण्याच्या सावकार-जमीनमालकांच्या नावे होती आणि कसणारा मावळा कूळ होता. कागदावर नाव असलेल्यांचा कल पुढे चांगल्या मोबदल्याकडे झुकला. कसणाऱ्याला मात्र पैशाने जमीन परत मिळणार नव्हती. ‘गावाचे म्हणणे घेतले’ असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा नेमके कोणाचे म्हणणे घेतले, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचा आहे आणि आजही अनुत्तरित आहे.

५/१६
१९२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ५-अ आले. तीस दिवसांत हरकत घेण्याचा आणि जिल्हाधिकाऱ्यापुढे म्हणणे मांडण्याचा हक्क प्रथमच मिळाला. पण जिल्हाधिकाऱ्याने अहवाल पाठवायचा आणि अंतिम निर्णय सरकारनेच घ्यायचा, म्हणजे ज्याला जमीन हवी तोच न्यायनिवाडा करणार. शिवाय कलम १७ मधील तातडीच्या तरतुदीचा आधार घेऊन ही सुनावणीही टाळता येत असे.

६/१६
स्वातंत्र्यानंतर १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग अधिनियम आला. १९९७ च्या दुरुस्तीने त्यात भूसंपादनाची स्वतंत्र पद्धत घालण्यात आली. मुदत तीस दिवसांवरून एकवीस दिवसांवर आली. अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापायचा. त्यांपैकी एक प्रादेशिक भाषेतले असावे, एवढी दक्षता. सक्षम प्राधिकाऱ्याचा हरकतीवरील आदेश अंतिम. कलम ३-ड चा जाहीरनामा निघाला की जमीन केंद्र सरकारची. पारतंत्र्यातील कायद्याहून स्वतंत्र देशाने आपल्याच शेतकऱ्याला नऊ दिवस कमी दिले.

७/१६
याच दुरुस्तीने महामार्गाखाली गेलेल्या जमिनीला सक्तीच्या संपादनाबद्दलची दिलासा रक्कम आणि त्यावरील व्याजही नाकारले. शेजारच्या शेतातून कालवा गेला तर ही रक्कम मिळे, महामार्ग गेला तर नाही. हा भेद घटनाबाह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने तरसेम सिंग प्रकरणात सांगितले ते १९ सप्टेंबर २०१९ रोजी. उघड अन्याय दूर व्हायला दोन दशकांहून अधिक काळ लागला, आणि तोही प्रश्न ‘किती?’ याच वर्गातला होता.

८/१६
‘का?’ आणि ‘कुठून?’ या प्रश्नांना दार उघडले ते २०१३ च्या भूसंपादन कायद्याने. १ जानेवारी २०१४ पासून तो अमलात आला. सामाजिक परिणामांचे मूल्यमापन, त्यासाठी ग्रामसभेशी विचारविनिमय, बाधित क्षेत्रात जनसुनावणी आणि कमीत कमी विस्थापन होईल असा पर्याय पाहिला का याची तपासणी, हे सारे त्यात होते. ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत कूळ, वाटेकरी आणि शेतमजूरही आले. मुळशीच्या मावळ्याला नव्वद वर्षांनी कायद्यात जागा मिळाली.

९/१६
मात्र त्याच कायद्याच्या कलम १०५ ने आणि चौथ्या अनुसूचीने तेरा केंद्रीय कायदे बाजूला काढले. त्यांत राष्ट्रीय महामार्ग अधिनियम आहे. ऑगस्ट २०१५ च्या केंद्रीय आदेशाने मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी या तेरा कायद्यांना लागू झाल्या. सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आणि ग्रामसभेशी विचारविनिमय मात्र बाहेरच राहिले. पैसा वाढवू, प्रश्न विचारू देणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

१०/१६
महाराष्ट्राने हाच कित्ता गिरवला. २०१८ च्या राज्य दुरुस्तीने कलम १०५-अ घातले आणि महाराष्ट्र महामार्ग अधिनियम, १९५५ सह काही राज्य कायद्यांना २०१३ च्या कायद्यातून सूट दिली. रस्ता राष्ट्रीय असो वा राज्याचा, गावाच्या संमतीची पायरी दोन्हीकडे गाळलेली आहे.

११/१६
‘पर्यावरणाची जनसुनावणी असते ना?’ असे उत्तर येते. २००६ च्या अधिसूचनेनुसार ती असते, हे खरे. परंतु ती होते तेव्हा आखणी ठरलेली असते. आराखडा तयार, सल्लागार नेमलेला, पर्यावरण अहवालाचा मसुदा छापलेला. गावाने म्हणणे मांडावे, ते इतिवृत्तात नोंदले जाईल. नोंद होणे आणि ऐकले जाणे यांत जे अंतर आहे, त्यातच लोकशाही हरवते.

१२/१६
१९६९ मध्ये शेरी आर्नस्टाइन या अमेरिकी अभ्यासक महिलेने लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांची दिशाभूल, वर लोकांचे नियंत्रण. माहिती देणे, मत विचारणे आणि समजूत घालणे या मधल्या पायऱ्यांना तिने देखाव्यापुरता सहभाग म्हटले. आपल्या महामार्गांची प्रक्रिया या मधल्या पायऱ्यांवरच थबकलेली आहे.

१३/१६
समृद्धी महामार्ग पाहा. ७०१ किलोमीटर, १० जिल्हे, ३९२ गावे. आरंभी जमीन एकत्रीकरणाची योजना आली, तिला विरोध झाला आणि मग पाचपट मोबदल्याने थेट खरेदीचा मार्ग शासनाने स्वीकारला. शेतकरी विकासाचा शत्रू नाही, बोलणी झाली तर तो व्यवहार करतो, हे यातून सिद्ध झाले. पण बोलणी दराची झाली, आखणीची नव्हे. ज्या गावांनी जमीन दिली, त्यांच्या दुचाकींना आणि ट्रॅक्टरना त्या रस्त्यावर मज्जाव आहे. त्यांच्या वाट्याला भुयारी मार्ग, मोऱ्या आणि तुटलेल्या पाणंदी. त्या कुठे असाव्यात, हे सांगायला गावाइतका जाणकार दुसरा कोण?

१४/१६
‘प्रत्येक गावाला विचारत बसलो तर रस्ता कधीच होणार नाही’ हा आक्षेप गंभीर आहे; त्याला उत्तर द्यायला हवे. महामार्ग सरळ हवा, तो प्रत्येक बांधाला वळसा घालू शकत नाही. पण न विचारल्याने वेळ वाचतो, हे खरे नाही. तो वेळ मोर्चात, न्यायालयात आणि अडवलेल्या मोजणीत पुढे भरावाच लागतो. शिवाय ओढा पावसाळ्यात कोणत्या अंगाने फुगतो, विहिरीची पाइपलाइन कुठून जाते, हे नकाशा सांगत नाही.

१५/१६
पवनार ते पत्रादेवी या सुमारे ८०० किलोमीटरच्या नियोजित शक्तिपीठ महामार्गाने हेच दाखवले. १२ जिल्ह्यांतून जाणारी आखणी पुढे आली आणि कोल्हापुरात तीव्र विरोध उभा राहिला. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी तेथे माघारीची भाषा झाली. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने प्रकल्पाच्या खर्चास मान्यता दिली, तेव्हा विरोध पुन्हा पेटला. निवडणुकीपुरते ऐकणे हा सहभाग नसतो. गावाचा शब्द कायद्यात बसवलेला नसेल, तर तो मतदानानंतर विरून जातो.

१६/१६
मागण्या अवघड नाहीत. अधिसूचनेपूर्वी किमान दोन पर्यायी आखण्या, गट क्रमांकांसह, मराठीत, ग्रामसभेपुढे ठेवाव्यात. प्रत्येक हरकतीला सकारण लेखी उत्तर द्यावे. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कुळांना, शेतमजुरांना आणि स्त्रियांना बोलण्याचा समान हक्क असावा. सुनावणी जमीन घेणाऱ्या यंत्रणेबाहेरच्या व्यक्तीपुढे व्हावी. आणि २०१३ च्या कायद्यातील सामाजिक परिणामांचे मूल्यमापन महामार्गांना लागू करावे. ‘किती?’ हा प्रश्न शेतकऱ्याला सव्वाशे वर्षे विचारून झाला आहे. ‘कुठून?’ हा प्रश्न दगड रोवण्यापूर्वी विचारण्याची सक्ती शासनावर असली पाहिजे.