ताकद नाही म्हणण्याआधी तिच्या हातातली बॅट पाहा

शालेय स्पर्धांचे दिवस आले की वस्तीतल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते. "पोरीच्या हातात ताकदच नाही, चेंडू लागतच नाही." आठवीतल्या एका मुलीबद्दल शाळेत असेच सांगितले गेले. घरच्यांनी ते खरे मानले, आणि सॉफ्टबॉलच्या सरावाची वेळ भांडी-पाण्यात गेली. आम्ही चार-पाच जण रविवारी सकाळी विहारासमोरच्या पटांगणात मुलामुलींना बॅटिंग शिकवतो. तिला आम्ही बोलावून घेतले. पाहतो तर हातात मोठ्या भावाची जड बॅट! हलकी बॅट दिली, उभे राहणे सुधारले, आणि महिन्याभरात चेंडू सरळ जाऊ लागला. मुलगी तीच, ताकदही तीच.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. फटका ही शिकण्याची गोष्ट आहे. न शिकवताच मुलीला नापास करणे हा अन्याय आहे. आणि शिकवण्यासाठी महागडी अकादमी लागत नाही.

आधी खेळ समजून घेऊ. मोठ्या मुलींच्या सामन्यात पिचर सुमारे १३ मीटरवरून, हात खालून फिरवून चेंडू टाकते. चेंडू ताशी ७० किलोमीटर वेगाने आला तर बॅटरकडे पाऊण सेकंदही नसतो. तेवढ्यात चेंडू पाहायचा, ठरवायचे आणि बॅट फिरवायची. इथे नुसते दंड कामाला येत नाहीत. आपल्या आया धुणे आपटतात तेव्हा जोर पायातून, कमरेतून येतो, हात शेवटी येतो. बॅटिंगचेही तसेच आहे. पुढचा पाय छोटे पाऊल टाकून टेकतो, मग कंबर फिरते, मागच्या पायाची टाच उचलली जाते आणि सर्वांत शेवटी हात येतात. हा क्रम चुकला की मुलगी हातानेच ओढते, आणि आपण म्हणतो ताकद नाही.

पहिले काम बॅट तपासण्याचे. मुलीला एका हाताने बॅट धरून हात बाजूला सरळ ताणायला सांगा. वीस आकडे मोजेपर्यंत हात खाली आला किंवा थरथरला, तर ती बॅट तिच्यासाठी जड आहे. "जड बॅटने सवय झाली की हात मजबूत होतो," असे काही जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. जड बॅटने मागचा खांदा पडतो, बॅट खालून वर जाते आणि मनगट दुखू लागते. बॅट तळहातात गच्च आवळू नये, बोटांत धरावी. दार ठोठावताना बोटांची जी पेरे लागतात, ती दोन्ही हातांची साधारण एका रेषेत यावीत.

आता घरी करायचे सराव.

पहिला, चेंडूशिवाय. आरशासमोर सावकाश दहा वेळा बॅट फिरवायची. फटका संपला की तीन आकडे मोजेपर्यंत तसेच उभे राहायचे. तोल गेला तर पाय चुकले असे समजावे.

दुसरा, पडद्यासमोर. दोरीवर जुनी साडी टांगा. बॅटचे एक टोक पोटाला व दुसरे साडीला टेकेल इतक्या अंतरावर मुलीला उभे करा. आता साडीला न लागता बॅट फिरवायची. हात अंगाजवळून आले तरच हे जमते. भिंतीसमोर हा सराव नको. बॅट फुटेल, मनगटाला झटका बसेल.

तिसरा, टीवरून. बादलीत वाळू भरा, तीत कमरेइतका पाइप रोवा, वर रबरी नळीचा तुकडा बसवा. झाली टी तयार. चेंडू पुढच्या पावलाच्या किंचित पुढे यायला हवा. जुन्या मोज्यांचा गोळा दोऱ्याने बांधला की चेंडू होतो. समोर तीच साडी टांगली की शेजाऱ्यांच्या काचाही वाचतात.

चौथा, बाजूने टाकलेला चेंडू. आई, बाबा किंवा भाऊ थोडे तिरके, बॅटच्या टप्प्याबाहेर बसून मोज्याचा चेंडू हलकेच वर टाकतील. चेंडूंना वेगवेगळ्या रंगांचे ठिपके द्या आणि मुलीला मारण्याआधी रंग ओरडायला सांगा. चेंडूवरून नजर हटते की नाही, ते लगेच कळते.

हे सगळे वीस मिनिटांत होते. दहा-दहाचे चार फेरे, मध्ये थोडा दम, आठवड्यातून तीन-चार दिवस. "रोज दोनशे फटके मार" असा हट्ट धरू नका. थकल्यावर अंग चुकीचे वळण शिकते. वाढत्या वयात खांदा, मनगट किंवा कंबर दुखत असेल तर सराव थांबवा. दोन-तीन दिवसांत थांबले नाही तर डॉक्टरांना दाखवा. मलम चोळून मैदानात पाठवू नका. आजूबाजूला चार-पाच पावलांत लहान मूल नसावे. खरा चेंडू, खरी पिचर असेल तेव्हा डोक्यावर हेल्मेट हवेच.

आणि पोटाचे काय? नुसत्या चहा-खारीवर आलेली मुलगी दहाव्या फटक्याला ढेपाळते. सरावाआधी अर्धी भाकरी, केळे किंवा मूठभर फुटाणे-गूळ द्या. मुलगी सतत थकत असेल, धाप लागत असेल, तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. शाळेत मिळणारी लोहाची गोळी फेकू देऊ नका, आणि त्या गोळीवर लगेच चहा देऊ नका. पाळीच्या दिवसांत तिला बरे वाटत असेल तर खेळू द्या. त्यात अपायाचे काही नाही.

कोणी विचारेल, हे सगळे शाळेने करायला नको का? करायलाच हवे, आणि पालकसभेत ते मागायलाही हवे. पण शाळा जागी होईपर्यंत मुलीचे चौदावे वर्ष सरते आणि त्या गटाची स्पर्धा हातची जाते. सॉफ्टबॉल शालेय स्पर्धांत आहे. स्पर्धेत पुढे गेलेल्यांना नियमांप्रमाणे दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, पुढे नोकरीत खेळाडूंचे आरक्षणही आहे. पण हे काहीच मिळाले नाही तरी, आपले शरीर आपले ऐकते हा विश्वास तिला मिळतो. आमच्या लेखी तोही मोठा आहे.

तेव्हा आमचे घराघराला एवढेच सांगणे. या रविवारी बाबांनी पंधरा मिनिटे चेंडू टाकावा, आणि तेवढा वेळ भांडी भावाने घासावीत.