गिअर पडतो, पाडावा लागत नाही

मराठीत आपण ‘गिअर टाकला’ म्हणतो, ‘बदलला’ म्हणतो, पण गाडी ठणठणीत असली की सहज तोंडात येतं ते ‘गिअर पडला’. अकर्मक क्रियापद. कर्ता गिअर, चालवणारा नव्हे! पिकलेलं फळ पडावं तसा तो आपणहून आपल्या जागी जातो. आणि ‘गिअर पडत नाही हो’ म्हणत कोणी गॅरेजात आलं की समजावं, याला तो आता पाडावा लागतोय. पडणे आणि पाडणे यातला फरक मी वर्गात फळ्यावर लिहून बरीच वर्षं समजावला, पण तो हाताला कळतो तो गाडीतच.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सोय होईल. जुन्या गाडीचा गिअर नीट पडत नसेल तर आधी दांडा बदलू नये, रबर बदलावं. आणि रबराच्या जागी रबरच घालावं, त्याहून कडक काही घालू नये. ज्यांना कारण हवं आहे त्यांनी पुढे वाचावं.

आमची गाडी २००७ सालची. छोटी, तीन सिलिंडरची, पुढच्या चाकांनी ओढणारी. कंपनीचं नाव देत नाही, कारण तक्रार कंपनीबद्दल नाहीच. इतक्या वर्षांत रबर म्हातारं होतं यात दोष कोणाचा? आमचंही झालंय की! गाडी मुख्यतः आमची ही चालवते. ती बावन्नाव्या वर्षी शिकली, याच गाडीवर, आणि माझ्याहून चांगली चालवते हे मी गावासमोर मान्य केलेलं आहे. माझ्या डोळ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून मी दिवसाउजेडी वाईतल्या वाईत चालवतो. घाट तिच्याकडे.

दर गुरुवारी ती पसरणी घाट चढून पाचगणीला थोरल्या बहिणीकडे जाते. ताई एकट्या असतात, वय ऐंशीच्या पुढे. आठवड्याची औषधं, भाजी, बँकेचं काही काम आणि दोन तास गप्पा. अंतर बारा-एक किलोमीटर, पण एसटीने जायचं तर दोन्ही टोकांना चालणं आणि गुडघे आहेतच. म्हणजे त्या गाडीवर एका म्हाताऱ्या बाईचा आठवडा टांगलेला आहे. दोघींचा म्हटलं तरी चालेल.

गेल्या पावसाळ्यात एका गुरुवारी उतरताना, वळणाच्या अलीकडे, दुसरा गिअर आपोआप निसटला आणि दांडा न्यूट्रलला येऊन उभा राहिला. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरावा हा जुना नियम तुम्हाला ठाऊक असेलच. उतारावर गाडीला इंजिनच मागे धरून ठेवतं, ब्रेक फक्त मदतीला. गिअर निसटला की तो धरणारा हात सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो, तोही ओल्या रस्त्यावर. हिने ब्रेक लावला, क्लच दाबून पुन्हा दुसरा टाकला आणि पायथ्यापर्यंत डावा हात दांड्यावर दाबून धरला. घरी आल्यावर म्हणाली, “अहो, आज गिअर धरून बसावं लागलं.” एवढंच. मग पुण्याहून मुलाचा फोन आला, गाडी विका, ऑटोमॅटिक घ्या. तिने फोन माझ्या हातात दिला आणि चहा टाकायला गेली.

ऑटोमॅटिकला माझा विरोध नाही. २०१४ पासून आपल्याकडे लहान गाड्यांतही एएमटी मिळू लागली. तीत साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. पण जी बाई एकोणीस वर्षं एका गाडीवर हात बसवून आहे तिला एकाहत्तराव्या वर्षी, तेही घाटात, नवी सवय लावायला सांगण्यापूर्वी जुन्या गाडीचं काय बिघडलं आहे एवढं तरी बघावं की नाही?

बघायला आला पुतण्या. गाड्यांचा शौकीन, हाताने काम करणारा, गुणी मुलगा. म्हणाला, “काका, नुसतं रिपेअर कशाला? अपग्रेड करू.” त्याच्या अपग्रेडमध्ये दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे ‘शॉर्ट शिफ्टर’, आखूड दांडा. याने गिअर बदलताना हात कमी हलतो. दुसरी, इंजिन आणि गिअरबॉक्सखाली रबराऐवजी पॉलियुरेथेनचे कडक ठोकळे. स्वतःच्या गाडीत त्याने दोन्ही बसवले आहेत आणि त्याला ते फार आवडतात. त्याच्या गाडीत मी बसलो आहे. सिग्नलला उभी असली की आतला आरसा असा थरथरतो की मागचा ट्रक आहे की टेम्पो कळत नाही.

आता दांड्याचा हिशेब. हा तरफेचा धडा आहे, सहावी-सातवीचा. गिअरचा दांडा एका खुंटीवर डुलतो. खुंटीच्या वर लांब भाग, खाली आखूड भाग. समजा वर २४ सेंटीमीटर आणि खाली ४. गुणोत्तर सहा. खालचं टोक २ सेंटीमीटर हलवायला मूठ १२ सेंटीमीटर न्यावी लागते, पण जोर सहावा हिस्साच लागतो. आता वरचा भाग कापून १८ केला. मूठ ९ सेंटीमीटर हलली की काम झालं. छान! पण गुणोत्तर साडेचारवर आलं, म्हणजे जोर पूर्वीच्या तुलनेत एक तृतीयांशाने वाढला. अंतर वाचवलं ते जोरात भरलं. निसर्गाच्या दुकानात उधारी नाही.

तरुण हाताला तेवढा जास्त जोर कळतही नाही. हिच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. गाडी शिकवणाऱ्याने कधी सांगितलं नसेल, पण लांब दांडा ही तिच्यासारख्यांची सोय आहे.

शिवाय आखूड दांड्याने गिअर लवकर पडतो हाही समज तितका खरा नाही. गिअरबॉक्सच्या आत प्रत्येक गिअरपाशी एक पितळी कडं असतं. दोन फिरत्या भागांचा वेग जुळेपर्यंत ते दार अडवून धरतं आणि घासून घासून वेग जुळवतं. सिंक्रोमेश म्हणतात त्याला. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅकने ते आणलं. त्याआधी ड्रायव्हरला दोनदा क्लच दाबून कानाने वेग जुळवावा लागे. तर या कड्याला त्याचा क्षणभर वेळ द्यावाच लागतो. हाताचं अंतर कमी झालं म्हणून त्याचा वेळ कमी होत नाही. घाई केली तर झिजतं तेच.

पण आमचं दुखणं दांड्याच्या लांबीत नव्हतंच. दुखणं खाली होतं.

इंजिन आणि गिअरबॉक्स हा एकच जोडलेला जड गोळा असतो आणि तो तीन-चार ठिकाणी रबराच्या ठोकळ्यांवर बसवलेला असतो. कंपनी त्याला माउंटिंग म्हणते, आपले मिस्त्री ‘फाउंडेशन’ म्हणतात. मला हा शब्द फार गमतीचा वाटतो. घराचं फाउंडेशन हलू नये, आणि गाडीचं मात्र मोजकं हलायलाच हवं! तीन सिलिंडरचं इंजिन तर जन्मतःच थोडं डुलतं. तो डोल रबर स्वतःत जिरवतं, आपल्यापर्यंत येऊ देत नाही.

रबर म्हातारं झालं की उलटं होतं. कुठे चिरतं, कुठे दबतं, आणि इंजिन हवं त्याहून जास्त डुलू लागतं. आता गंमत अशी, की दांडा बसवलेला असतो गाडीच्या तळाला आणि गिअरबॉक्स लटकतो इंजिनाबरोबर. आमच्यासारख्या गाडीत दोघांच्या मध्ये एक लोखंडी सळई, तिच्या टोकांना छोटे बुश. इंजिन एकीकडे झुकलं की सळई ओढली जाते, खुंट्याला बांधलेल्या शेरडासारखी. ॲक्सिलरेटर दिला की इंजिन एका बाजूला झुकतं. उतारावर पाय काढला, इंजिन गाडीला मागे धरू लागलं, की ते दुसऱ्या बाजूला झुकतं. झुकणं मर्यादेबाहेर गेलं आणि बुशही झिजलेले असले, तर गिअर पुरता आत बसत नाही आणि ती ओढ त्याला बाहेर काढते. म्हणून चढताना काही होत नाही आणि उतरताना निसटतो. पसरणी घाटात झालं ते हे.

अर्थात गिअर निसटण्याचं हे एकच कारण नाही. आतले दाते किंवा ती पितळी कडी झिजली असली तर गिअरबॉक्स उघडावाच लागतो. पण दांडा हातात थरथरत असेल, क्लच सोडताना खालून ‘धप्’ असा आवाज येत असेल, तर आधी फाउंडेशन बघावं. परीक्षा सोपी आहे. बॉनेट उघडायचं, हँडब्रेक ओढायचा, एकाने आत बसून ब्रेक घट्ट दाबून ठेवत पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायचा, मग तसाच रिव्हर्समध्ये. दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन किती उसळतं ते बघायचं. बाजूलाच! गाडीच्या पुढे-मागे कोणी उभं राहायचं नाही, नातवंडांना तर अंगणातही येऊ देऊ नये.

ही रबरं कोणाला क्षुल्लक वाटत असतील तर त्यांनी १९३१ सालची गोष्ट ऐकावी. त्या वर्षी अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लिमथ गाडीत ‘फ्लोटिंग पॉवर’ आणली. म्हणजे काय, तर इंजिन चासीला घट्ट आवळण्याऐवजी त्याच्या वजनाचा तोल साधून रबरावर तरंगतं ठेवलं. चार सिलिंडरच्या स्वस्त गाडीला महागड्या गाडीचा मऊपणा आला. लोकांना तो इतका आवडला की फ्रान्सच्या सिट्रोएनने पुढच्याच वर्षी त्याचे हक्क घेतले आणि गाडीवर पोहणाऱ्या हंसाचं चिन्ह लावलं. इंजिनाला हलू द्यावं हे उमजायला माणसाला एवढा काळ लागला, आणि आज आपण पैसे देऊन ते पुन्हा आवळतो, आणि त्याला अपग्रेड म्हणतो.

शर्यतीच्या गाडीला कडक माउंट लागतं हे मला मान्य आहे. तिथे इंजिनाचा प्रत्येक धक्का सरळ चाकाला मिळायला हवा, गिअर क्षणात बदलायला हवा, आणि दात वाजले तर वाजोत, शर्यत संपली की माणूस घरी जातो. पॉलियुरेथेनला तेलाने रबराइतकी इजाही होत नाही. ते वाईट नाहीच. आमच्या गुरुवारी त्याचं काम नाही, एवढंच.

आणि गिअरच्या दांड्यात खरी सुधारणा होऊच शकत नाही असंही नाही. आमच्या पिढीने एक पाहिली आहे. कुर्ल्याला बनणाऱ्या फियाटला, म्हणजे पुढच्या प्रीमियर पद्मिनीला, दांडा स्टिअरिंगखाली होता. ॲम्बेसडरलाही तसाच. पुढे सलग बाक, त्यावर आरामात तिघं, लग्नाला जाताना चौघं. पण हातापासून गिअरबॉक्सपर्यंत सांधेच सांधे, आणि प्रत्येक सांधा थोडा सैल. मुंबईच्या जुन्या टॅक्सीत ड्रायव्हर दुसरा गिअर ‘शोधायचे’, गळ टाकल्यासारखा. हौशी लोक मिस्त्रीकडून दांडा खाली जमिनीवर आणून घ्यायचे. त्याने तिसऱ्याची जागा गेली, पण मधले सांधे गेले आणि गिअर जिथल्या तिथे सापडू लागला. ती खरी सुधारणा, कारण सैलपणाचं कारणच काढून टाकलं. आखूड दांड्याने तेवढाच सैलपणा छोट्या जागेत कोंडला जातो. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या. त्या ड्रायव्हरांच्या मनगटांचं मला आजही कौतुक वाटतं.

आम्ही शेवटी काय केलं? आमच्या मिस्त्रींनी परीक्षा घेतली, इंजिन उसळलेलं पाहून “गुरुजी, हे तर नाचतंय” म्हणाले. सगळी फाउंडेशन एकदम बदलली. एकच नवं घातलं तर सगळा भार त्याच्यावर येतो आणि बाकीची म्हातारी त्यालाही लवकर म्हातारं करतात. सळईचे बुश बदलले. पुतण्याने गिअरबॉक्सखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक धरला आणि बोल्ट शेवटी आवळताना आधी इंजिन थोडं चालवून आपल्या जागी बसू दिलं, नाहीतर नवं रबर पहिल्याच दिवसापासून पिळलेलं राहतं. हे त्याला ठाऊक होतं, मला नव्हतं. सुटे भाग आणि मजुरी मिळून तीन हजारांच्या आत. कडक ठोकळ्यांचा खोका त्याने परत नेला. आखूड दांड्याची मूठ तेवढी ठेवून गेला, लाकडी, छान पॉलिश केलेली. ती बसवली आहे.

पुढच्या गुरुवारी मी शेजारी बसून गेलो. उतरताना हिचा डावा हात स्टिअरिंगवर होता. मी दांड्याकडे बघत होतो तर म्हणाली, “समोर बघा, बस येतेय.”

२०२७ मध्ये गाडीची नोंदणी पुन्हा नूतनीकरणाला येईल, तेव्हा काय ते बघू. सध्या क्लचची केबल जड झाली आहे. सोमवारी मिस्त्रींकडे टाकणार आहे.